एक खाट आणि अनेक घड्याळे

मुंबईत एक वेळ नोकरी मिळेल, पण राहायला जागा मिळणार नाही, असे आपली वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. आपली ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही शहरे वाढली ती बरीचशी याच कारणाने. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, १८५४ साली ती कल्याणला पोहोचली, आणि पुढे मुंबईत काम व रुळांकाठी बिऱ्हाड ही रीत पडली. तथापि ही रीत सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या सोयीची आहे. ज्यांच्या कामाची वेळ रोज बदलते, त्यांचे काय?

विमानातील कर्मचाऱ्यांचे उदाहरण घेऊ. घर नागपूरला किंवा कोल्हापूरला, नेमणूक मुंबईला. महिन्यातले निम्मे दिवस परगावी जातात. अशा माणसाला अख्खी खोली परवडत नाही आणि तिची गरजही नसते. तो चार-सहा जणांत खाट घेतो. आपल्याकडे याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात. आपल्या वर्गातील काही जण उद्या विमान कंपनीत, रुग्णालयात किंवा रात्रपाळीच्या कचेरीत लागतील. म्हणून अशी जागा कशी पारखावी, याचा विचार आजच केलेला बरा.

ही पद्धत नवी नाही. गोव्याचे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात मुंबईत राहत, ते धोबीतलाव व माझगाव भागांतील ‘कूड’ नावाच्या सामायिक जागांत. प्रत्येक गावाची जागा वेगळी. थोडी वर्गणी द्यायची, पेटी ठेवायची, अंथरूण पसरायचे आणि संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला हजर राहायचे. गिरणगावात कोकणातल्या व घाटावरच्या मंडळींच्या गावकीच्या खोल्या अशाच होत्या. माझे आजोबा लालबागच्या अशा एका खोलीत राहत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला, की रात्रपाळीचा माणूस त्याच जागेवर अंग टाकी. जेवण खानावळीत. दहा-बारा फुटांच्या खोलीत कितीतरी माणसे मावत, याचे कारण ती सगळी एकाच वेळी कधी तिथे नसत. तीन पाळ्यांच्या भोंग्यावर ती खोली चाले.

अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांच्या अशा जागेला ‘क्रॅश पॅड’ म्हणतात. न्यू यॉर्कमधील क्यू गार्डन्स या वस्तीत हे लोक इतके राहू लागले, की तिला गमतीने ‘क्रू गार्डन्स’ हे नाव पडले. तिथे खाटांचे दोन प्रकार असतात. ‘कोल्ड बेड’ म्हणजे एकट्याची राखीव खाट; तिचे भाडे जास्त. ‘हॉट बेड’ म्हणजे त्या दिवशी जी रिकामी असेल ती. आधीच्या माणसाची ऊब अजून गेलेली नसते म्हणून हे नाव. म्हणजे आमच्या आजोबांची खाट ‘हॉट बेड’च होती म्हणायची, फक्त खाटेऐवजी सतरंजी होती!

आता निवडीकडे वळू. बहुतेक जण प्रथम भाडे विचारतात. माझ्या मते आधी घड्याळ विचारावे.

पहिले घड्याळ प्रवासाचे. रात्री काही तास लोकल बंद असते आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. विमाने मात्र रविवारीही उडतात. दिवसा लोकलने घाटकोपरला येऊन २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा मेट्रोने विमानतळाजवळ जाता येते. पहाटे तीनला तो मार्ग उपयोगाचा नाही. कंपनीची गाडी कुठपर्यंत न्यायला येते, हे आधी कंपनीला विचारावे. ती ठाण्यापर्यंतच येत असेल, तर डोंबिवलीचे कमी भाडे रात्रीच्या टॅक्सीत खर्ची पडते. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली आहेत. तिथे नेमणूक असेल तर सारा हिशेब बदलतो.

दुसरे घड्याळ सोबत्यांचे. खोलीत कोण केव्हा झोपतो? माझा आतेभाऊ विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला आहे. त्याने केवळ भाडे पाहून एक खाट घेतली. बाकीचे चौघे दिवसा घरी असत. हा सकाळी आठला येऊन आडवा होई आणि नऊला टीव्ही सुरू होई. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांचा तो दिवसच होता. दोन महिन्यांत त्याने जागा सोडली आणि दलालाकडून अनामत रक्कम पुरती परत मिळाली नाही. म्हणून सगळे पाळीवाले असतील अशी खोली शोधावी, किंवा दिवसा झोपणाऱ्यांसाठी निराळी खोली असेल तिथे जावे.

तिसरा हिशेब माणसांचा व खाटांचा. आठ माणसे व चार खाटा असतील तर एरवी चालून जाते. पण २००५ च्या २६ जुलैसारखा पाऊस झाला आणि विमाने अडकली, तर त्या दिवशी आठही जण हजर! तेव्हा कोण कुठे झोपणार, याचे उत्तर ज्या खोलीत तयार आहे, ती खोली चांगली चालत असली पाहिजे.

चौथी गोष्ट पाण्याची. पाणी किती वाजता येते आणि आपण बाहेर असताना ते कोण भरून ठेवतो? खिडकी कोणत्या बाजूला आहे, खाली शाळा किंवा मंगल कार्यालय आहे काय, हेही पाहावे. जागा पाहायला आपल्या झोपेच्या वेळी जावे. दुपारी दोनला झोपणाऱ्याने दुपारी दोनला. जेवणाची चिंता मात्र डोंबिवलीत कमी, कारण पोळी-भाजी केंद्रे भरपूर.

शेवटी कागदपत्रे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्यात आपले नाव आहे काय, सोसायटीला अशी वहिवाट ठाऊक आहे काय, आणि अनामत कोणाच्या हाती राहणार, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

एवढा खटाटोप एका खाटेसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. रेल्वेने त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. कल्याणसारख्या जंक्शनवर गाडी आणणाऱ्या परगावच्या चालकांसाठी रनिंग रूम असते, कारण चालकाची झोप हा गाडीच्या सुरक्षिततेचा भाग आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही २०२४ च्या नियमांत वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. परंतु नियम तास देतो, झोप खोलीत मिळते. आणि सामान चढवणाऱ्याला, परिचारिकेला किंवा पहारेकऱ्याला रनिंग रूम कोण देणार?

माझे वडील रात्रपाळीला जातात. ते दिवसा झोपलेले असताना आम्ही भावंडे एका खोलीत कुजबुजत अभ्यास करतो. हे आम्हाला कोणी शिकवले नाही. सामायिक खोलीत मात्र हा नियम ठरवून भिंतीवर लिहावा लागतो. चपला दाराबाहेर, गजर उशाखाली, फोनवर बोलणे जिन्यात. खोली पाहायला जाल तेव्हा असा कागद आहे काय ते बघा. नसेल आणि जागा बाकी सर्व दृष्टींनी पसंत असेल, तर पहिल्याच दिवशी तो आपण लिहावा.

— द्वितीय वर्ष, कला