पत्ते मोजून कॅसिनोला खरंच हरवता येतं? विद्यार्थ्यांचं 'ते' गणित काय होतं?

यवतमाळ : पोळा किंवा दिवाळी आली की जिल्ह्याच्या पानावर 'जुगार अड्ड्यावर छापा' ही बातमी ठरलेली. आता पत्ते मोबाइलवर आले आहेत आणि 'गणित येत असेल तर कॅसिनोलाही हरवता येतं' असं सांगणारे रील्स हॉस्टेलमध्ये फिरतात. इंजिनिअरिंगला असताना '२१' हा सिनेमा पाहून आम्हीही खोलीत पत्ते मोजत बसायचो. हा दावा खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे.

सुरुवात कुठे झाली?
अमेरिकेतले गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी संगणकावर हिशेब करून १९६२ मध्ये 'बीट द डीलर' हे पुस्तक लिहिलं. पुढे एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी टीम बांधली. १९८० मध्ये या टीमने ८९ हजार डॉलरच्या भांडवलावर खेळायला सुरुवात केली.

पत्ते मोजतात कसे?
खेळ ब्लॅकजॅकचा. २ ते ६ पत्ता दिसला की अधिक १, ७ ते ९ ला शून्य, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का आला की वजा १. बेरीज वाढली म्हणजे गड्डीत मोठे पत्ते जास्त उरले. डीलरला १७ होईपर्यंत पत्ता घ्यावाच लागतो, त्यामुळे मोठे पत्ते आले की तो २१ च्या वर जाऊन बाद होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी जास्त पैसे लावायचे.

मग अडचण कुठे?
यातून मिळणारा फायदा जेमतेम एक टक्का. दर डावाला १०० रुपये लावले तर १०० डावांनंतर सरासरी नफा १०० रुपये. पण नशिबाचा चढ-उतार त्याच १०० डावांत हजार रुपयांहून जास्त असतो. तो सोसायला टीमकडे मोठं भांडवल होतं. मेसच्या पैशांवर खेळणारा मुलगा गणित बरोबर असूनही आधीच रिकामा होतो.

गोव्यात चालेल का?
अनेक कॅसिनोंत यंत्र सतत पत्ते पिसतं, मग मोजणी निरुपयोगी ठरते. अंदर-बाहरमध्ये तर प्रत्येक डाव नव्याने सुरू होतो. पहिला पत्ता 'अंदर'ला पडत असेल तर ती बाजू सुमारे ५१.५ टक्के वेळा जिंकते. पण जिंकल्यावर १०० ला ९० रुपयेच मिळत असतील, तर १०० डावांत मिळतात ४,६३५ आणि जातात ४,८५० रुपये. म्हणजे २१५ रुपयांचा तोटा.

कायदा काय म्हणतो?
महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही. तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. 'हा कौशल्याचा खेळ आहे' ही पळवाट त्यात ठेवलेली नाही.

थोडक्यात, एमआयटीच्या मुलांनी आधी गणित करून, फायदा आपल्या बाजूने असेल तेव्हाच मोठा पैसा लावला. मोबाइलवरच्या खेळात ते गणित कंपनीने आधीच करून ठेवलेलं असतं. सेमिस्टरची फी त्यावर लावण्याआधी वरचा २१५ रुपयांचा हिशेब एकदा वहीत स्वतः मांडून पाहा.