जमिनीवरचा चकवा

भोर आणि वेल्हे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं) हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी विमान उतरेल अशी धावपट्टी सापडायची नाही. सपाट जमीन मुळात थोडी. त्यातली बरीच भाटघर धरणाच्या पाण्याखाली गेली, उरलीसुरली भातखाचरांनी धरलेली. तरी विमानतळाचा विषय इथे परका नाही. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर नव्या विमानतळाची आखणी झाल्यापासून चावडीवर, एसटीत त्याचीच चर्चा. ती चर्चा जमिनीच्या मोबदल्याची, आणि ते योग्यच आहे. मला मात्र इथे जमिनीवरच्याच दुसऱ्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. आपल्याकडे रात्री ओळखीच्या रानात माणूस फिरफिरून त्याच जागी आला की म्हणतात, चकवा लागला. वैमानिकालाही चकवा लागतो, आणि तो आकाशात कमी, खाली उतरल्यावर जास्त.

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा असेल तर दोनशे तासांचं उड्डाण लागतं. त्यात एक अट अशी की, किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा, एक प्रवास एकट्याने करायचा आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. बारामतीसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या पोराला आपली धावपट्टी पाठ असते. त्या दिवशी मात्र शेजारची सीट रिकामी असते आणि समोर कधी न पाहिलेलं काँक्रीटचं मैदान. वरून नकाशासारखा स्पष्ट दिसलेला विमानतळ चाकं टेकताच सपाट होतो. सेस्नासारख्या छोट्या विमानात डोळे जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंचीवर. तिथून सगळे रस्ते सारखेच दिसतात.

त्यात हे वाहन हाताने वळत नाही. सवयीने पहिले काही दिवस विद्यार्थी समोरचं चाक मोटारीच्या स्टिअरिंगसारखं फिरवतात आणि विमान सरळच जात राहतं. जमिनीवर वळवायचं ते पायांनी. डावं पेडल दाबलं की नाक डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. पेडलच्या वरच्या भागावर चवडा टेकवला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक. हातातलं चाक रिकामं ठेवायचं असंही नाही. वारा डावीकडून समोरून येत असेल तर ते डावीकडे वळवून धरायचं; डावीकडून मागून येत असेल तर उजवीकडे, आणि पुढेही ढकलून. भरलेलं सेस्ना १७२ सुमारे अकराशे किलोचं आणि त्याचे पंख अकरा मीटर पसरलेले. मागून आलेला जोराचा वारा पंखाखाली शिरला तर ते उभ्या उभ्या उलटू शकतं. उन्हाळ्यात पठारावर वावटळी उठतात तेव्हा, किंवा मोठं जेट पुढ्यात इंजिनं फिरवत उभं असतं तेव्हा, हे नुसतं पुस्तकी ज्ञान राहत नाही. वेग? जोरात चालणाऱ्या माणसाइतका.

जुन्या पिढीचं काम याहून अवघड होतं. टायगर मॉथ किंवा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक ही विमानं शेपटीवर बसलेली, नाक आभाळाकडे. समोरचं काही दिसायचंच नाही, म्हणून नागमोडी चालवत, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने डोकावत जावं लागे.

विमानतळाची स्वतःची लिपी असते. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या, टॅक्सी-वेवरच्या, म्हणजे धावपट्टीपर्यंत ने-आण करणाऱ्या वाटांवरच्या, पिवळ्या. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता या वाटेवर आहात. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे ती वाट तिकडे. लाल पाटीवर पांढरे आकडे म्हणजे पुढे धावपट्टी, परवानगीशिवाय पाऊल नाही. वाटांना इंग्रजी अक्षरांची नावं. त्यातून आय आणि ओ वगळतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात, आणि एक्सही वगळतात, कारण फुली बंद वाटेवर मारतात. धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य गाळून. पुण्यात लोहगावला १० आणि २८. पट्टी एकच, टोकं दोन.

या सगळ्यात एक खूण जिवाची. धावपट्टीच्या अलीकडे टॅक्सी-वेवर आडव्या चार पिवळ्या रेषा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा आपल्या बाजूला असतील तर थांबायचं. तुटक आपल्या बाजूला असतील तर आपण धावपट्टीवरून बाहेर पडतो आहोत. तेव्हा मात्र थांबायचं नाही, शेपटीसकट चारही रेषा ओलांडायच्या आणि मगच नकाशा उघडायचा. नवखे इथेच फसतात. उतरल्याच्या आनंदात अर्धं विमान रेषेच्या आत ठेवून ते विचार करत बसतात आणि मागून दुसरं उतरत असतं.

वाट टॉवरवरून सांगितली जाते. लोहगाव हवाई दलाचा तळ असल्याने तिथे बोलणारा नियंत्रकही हवाई दलाचाच. ‘टॅक्सी व्हाया अल्फा, होल्ड शॉर्ट’ (ए वाटेने जा, धावपट्टीच्या अलीकडे थांब) असं काही कानावर पडतं ते भराभर. मांडीवरच्या कागदावर ते लिहून घ्यायचं आणि जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. निम्मं ऐकून ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, म्हणणं हा गुन्हाच मानायला हवा.

का, ते मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१च्या सकाळी जगाला दिसलं. दाट धुकं होतं. दोन वैमानिक आणि दोन प्रवासी घेऊन एक छोटं सायटेशन जेट पॅरिसला निघालं होतं. नियंत्रकाने त्यांना आर-५ वाटेने जायला सांगितलं. ते शिरले आर-६ वर. आर-५ धावपट्टीला वळसा घालून जाते, आर-६ थेट तिला छेदते. वाटेत जमिनीवर एस-४ अशी खूण दिसली तेव्हा वैमानिकांनी ती रेडिओवर सांगितलीसुद्धा. पण ही खूण अधिकृत नकाशात नव्हती आणि नियंत्रकाला ती ठाऊक नव्हती. जमिनीवरची विमानं दाखवणारं जुनं रडार काढलेलं, नवं बसवलेलं नाही. सायटेशन धावपट्टीवर पोचलं आणि कोपनहेगनला निघालेल्या, वेग घेतलेल्या एमडी-८७ प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. ११८ माणसं गेली. वैमानिक चुकले हे खरं. त्या धुक्यात उडायची त्यांची पात्रताही नव्हती. पण मला यातला मोठा दोष त्या रंग उडालेल्या, नकाशात नसलेल्या खुणांचा वाटतो. विमानतळ रोजच्या लोकांसाठी रंगवलेला होता, नवख्यासाठी नाही.

त्याआधी २७ मार्च १९७७ ला तेनेरिफेला धुक्यातच दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळून ५८३ जण मेले. त्यातल्या एका विमानाला सांगितलेली बाहेरची वाट सापडली नव्हती.

आपल्या मुंबईत तर अख्खा विमानतळच चुकल्याची उदाहरणं आहेत. सांताक्रूझला जायचं सोडून १५ जुलै १९५३ ला ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरलं. तीच चूक २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने केली आणि ते पट्टीपलीकडे घसरलं. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. धावपट्टीवर नको ते येण्याचा प्रकार पुण्यातही घडला: १५ फेब्रुवारी २०२० ला दिल्लीला निघालेल्या विमानापुढे धावपट्टीवर जीप आणि माणूस आला. वैमानिकांनी नेहमीपेक्षा आधीच विमान उचललं, शेपटी घासली, पण ते दिल्लीला सुखरूप उतरलं.

मग नवख्याने करायचं काय? आदल्या रात्री विमानतळाचा नकाशा काढून बसायचं. धावपट्टीतून बाहेर पडण्याच्या वाटा आणि ‘हॉट स्पॉट’ म्हणून गोल केलेल्या घोटाळ्याच्या जागा बोटाने गिरवायच्या. चालताना खाली मान घालून रेडिओ किंवा फ्लॅप्सशी खेळायचं नाही. आणि वाट कळेनाशी झाली की धावपट्टीबाहेर असल्याची खात्री करून थांबायचं आणि विचारायचं. अमेरिकेत ‘प्रोग्रेसिव्ह टॅक्सी’ मागितली की नियंत्रक एकेक वळण सांगत नेतो. बऱ्याच ठिकाणी पाठीवर ‘फॉलो मी’ लिहिलेली जीप पुढे येते. मागे चार जेट खोळंबली की विचारायची लाज वाटते, विशेषतः विशीतल्या पोराला. प्रशिक्षकांनी पहिल्या तासापासून ही लाज मोडावी. उड्डाणाचा धडा त्यानंतर द्यावा.

पुरंदरचा विमानतळ होईल तेव्हा होईल. तोवर भोर-वेल्ह्याच्या माणसाला लोहगावच गाठायचं आहे. पुढच्या वेळी खिडकीशी जागा मिळाली तर उड्डाणाआधी बाहेर बघा. विमान विनाकारण थांबलंय असं वाटेल तेव्हा लाल पाटी आणि त्या चार पिवळ्या रेषा कुठे दिसतात का ते शोधा. फोटो मात्र काढू नका. हवाई दलाच्या तळावर छायाचित्रणाला मनाई आहे.