बिडीवाल्याचं नशीब आणि अकरा वर्षांचा हिशेब

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला हार्ट अटॅक आला, तर न ओढणाऱ्यापेक्षा तो उपचारानंतर वाचण्याची शक्यता जास्त! पारनेरच्या एसटी स्टँडवर कुणी हे म्हटलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं. पण हे वैद्यकीय नियतकालिकांत आकड्यांसकट छापून आलेलं. या कोड्यानं मला इतकं पछाडलं की मी विषय काढला की घरातले ताटं उचलायला लागतात.

आधी पाठ्यपुस्तकापुरतं उरकून घेतो. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फाटतो, तिथं रक्ताची गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. मग एक तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, नाहीतर अँजिओप्लास्टी करून स्टेंट. अँजिओप्लास्टी नगरला आनंदऋषीजी हॉस्पिटलसारख्या ठिकाणी होते, महात्मा फुले योजनेतही बसते. अकोले तालुक्यातल्या डोंगरावरच्या माणसाला मात्र आधी इंजेक्शन मिळालं, तरी पुष्कळ.

आता कोडं. इंजेक्शनांची मोठी चाचणी म्हणजे ‘गस्टो’: ४१,०२१ रुग्ण, निष्कर्ष १९९३ साली. त्यातल्या ओढणाऱ्यांचा वेगळा हिशेब १९९५ मध्ये मांडला गेला. महिनाभरात न ओढणारे दगावले १०.३ टक्के, ओढणारे अवघे ४ टक्के. याला ‘धूम्रपानाचा विरोधाभास’ असं भारदस्त नावही मिळालं. श्रीगोंद्याकडच्या एका लग्नात हे आकडे मी सांगून बसलो, तर पंगतीतले एक काका म्हणाले, “म्हणजे आमचं बरंच चाललंय की!”

काकांना पुढचा आकडा ऐकायचा नव्हता. त्या चाचणीतले ओढणारे सरासरी ११ वर्षांनी तरुण होते. साठीच्या माणसापेक्षा पन्नाशीतला जास्त तगणार, यात नवल ते काय? वय आणि बाकीचे आजार हिशेबात धरले की फरक बराचसा विरतो. उरलेल्याचीही कारणं सुचवली गेली. ओढणाऱ्याची गुठळी फायब्रिनच्या तंतूंनी भरलेली असते, म्हणून इंजेक्शन तिच्यावर चांगलं चालतं. धुरामुळे यकृतातलं एक विकर जास्त काम करू लागतं आणि क्लोपिडोग्रेलची गोळी अधिक लागू पडते, असंही दिसलंय. (हा भाग मला फार आवडतो, शत्रूच्या घरातून आलेली मदत!) शिवाय जे वाटेतच गेले, ते दवाखान्याच्या यादीत येतच नाहीत.

२०२० मध्ये अँजिओप्लास्टीच्या दहा चाचण्यांतले २,५६४ रुग्ण एकत्र तपासले गेले. हृदयाचं नुकसान दोन्हीकडं सारखंच होतं. वयाचा फरक वजा केल्यावर मात्र वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरनं पुन्हा भरती होण्याचा धोका ओढणाऱ्यांत जास्त निघाला. माझ्या लेखी कोडं तिथंच सुटलं.

आपल्या नगर जिल्ह्याला या विषयात वेगळंच स्थान आहे. संगमनेर म्हणजे बिड्यांचं गाव आणि गाय छाप जर्द्याचंही. तिथल्या गल्ल्यांतून फिरताना उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका दिसल्या, की मला डॉक्टरांचे आकडे बाजूला ठेवावेसे वाटतात. ते त्यांच्या पोटाचं साधन आहे. आणि त्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे. अण्णा हजारेंच्या काळात तिथल्या तरुणांनी विडी, सिगारेट, तंबाखू होळीत जाळली आणि गावातली विक्री बंद केली. राळेगणला गेलो की पाणलोटाच्या कामाआधी मी टपऱ्याच न्याहाळतो!

बिडी साधी, पानाची, म्हणून सौम्य, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसती बिडी ओढणाऱ्यांत अटॅकचा धोका सुमारे २.९ पट आढळला, तंबाखू खाणाऱ्यांतही सुमारे २.२ पट. स्टेंट बसल्यावर “बिडी सोडली, आता फक्त तंबाखू मळतो” म्हणणारे आपल्याकडं कमी नाहीत. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के होते. मिश्रीसुद्धा यातच आली.

सोडल्यानं काय होतं? २००३ साली २० अभ्यासांतल्या १२,६०३ हृदयरुग्णांची माहिती एकत्र पाहिली गेली. सोडणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होता. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या तोडीस तोड हा फायदा, तोही फुकट. तरी डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी लांबलचक आणि “तंबाखू बंद” तळाला घाईत खरडलेलं, हे मला पटत नाही.

घरात कुणाला स्टेंट बसला असेल, तर त्यांच्या खिशातली चंची आजच काढून घ्या आणि १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनवर त्यांना बोलायला लावा.