आमच्या कॉकाटीलचे जेवण



आमच्या घरी दोन पक्षी आहेत हे आता साऱ्या गावाला माहीत झाले आहे. ते बघायला रोज कोणीतरी येते, आणि येणारा माणूस पिंजऱ्यात काहीतरी टाकतोच. कोणी चिवडा टाकतो, कोणी चहात बुडवलेली खारी. सगळे प्रेमाने टाकतात, पण त्या पक्ष्यांना ते चालत नाही. किती जणांना सांगणार? गुरुजी म्हणाले, "तूच भित्तिपत्रकात लिही, म्हणजे सगळे वाचतील." म्हणून मी हा लेख लिहिते आहे.

या पक्ष्याचे नाव कॉकाटील. दुकानात त्याला कॉकटेल म्हणतात. काकाकुवाच्या कुळातला हा सगळ्यांत लहान पक्षी. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांहून कमीच. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. आपला हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे दुकानात मिळतात ते पिंजऱ्यातच जन्मलेले असतात.

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागात पाऊस फार कमी पडतो. तिथे हे पक्षी थव्याने फिरतात आणि जमिनीवर चालत चालत गवताचे बी टिपतात. आणि गंमत म्हणजे, तिथेसुद्धा ज्वारी पेरतात बरं का! कॉकाटीलचा थवा ज्वारीच्या रानात उतरतो आणि तिथले शेतकरी त्यांच्या नावाने ओरडतात. आपल्याकडे चिमण्या-पोपट राखायला माळ्यावर बसतात ना, तसेच. वाळलेल्या कडक दाण्यापेक्षा त्यांना कोवळा मऊ दाणा जास्त आवडतो. हे ऐकून आजोबा म्हणाले, "म्हणजे हुरडाच की! पाखरू सोलापूरचंच दिसतंय."

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक लोकांना वाटते की पक्षी दाणे खातो, मग वाटीत बाजरी टाकली की काम झाले. तसे नाही. रानातला पक्षी दिवसभर उडतो, आज हे गवत, उद्या ते, कधी हिरवे बी, कधी कोवळे कोंब असे खातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला आपण देऊ तेवढेच. नुसत्या वाळक्या दाण्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि कॅल्शियमही फार कमी असते. अ जीवनसत्त्व कमी पडले की पक्ष्याचे नाक-तोंड बिघडते, श्वासाचे आजार होतात. सूर्यफुलाच्या बिया तर तेलानेच भरलेल्या. त्या त्याला फार आवडतात, पण रोज खाल्ल्या तर चरबी वाढते.

हे पक्षी माझ्या मामाचे. मामाकडे आधी तीन होते. तिसरी मादी अंडे घालताना अंडे आत अडकून मेली. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी मामाला सांगितले की अंड्याचे कवच तयार व्हायला कॅल्शियम लागते, ते नसले तर कवच मऊ राहते आणि अंडे बाहेर ढकलायला तिच्या अंगात जोरही राहत नाही. मामाची बदली झाली तेव्हा राहिलेले दोघे आमच्याकडे आले. नराचे नाव राजा आणि मादीचे चिंगी. मामाने डॉक्टरांचे सगळे सांगणे एका कागदावर लिहून दिले, आणि तो कागद आम्ही देव्हाऱ्याजवळच्या भिंतीला चिकटवला आहे.

पण दोघांना बाजरी आणि सूर्यफुलाशिवाय दुसरे काही खायचे असते हेच माहीत नव्हते. मेथी ठेवली तर घाबरून लांब सरकायचे. इथे सगळ्यांनी नीट लक्ष द्या. "भूक लागली की खाईल आपोआप" असे म्हणून जुने खाणे एकदम बंद करायचे नसते. हा पक्षी नवे खाणे हे खाणेच आहे असे ओळखत नाही, आणि उपाशी राहून मरूही शकतो. म्हणून जुन्या दाण्यातच थोडे थोडे नवे मिसळायचे. आणि वजन करत राहायचे.

वजन कसे करायचे? शेजारच्या किराणा दुकानात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. आधी भोके पाडलेली प्लास्टिकची बरणी तोलायची, मग पक्ष्यासकट बरणी तोलायची, आणि वजाबाकी. बरणी १४६, पक्ष्यासकट २३८, म्हणजे राजा ९२ ग्रॅम. मामाच्या कागदावर लिहिले होते की नऊ-दहा ग्रॅम कमी झाले तर लगेच जुने खाणे पूर्ववत द्या आणि डॉक्टरांना दाखवा. राजा आठ दिवसांत ८८ वर आला तेव्हा आई म्हणाली, "पुरे झालं तुमचं, घाला त्याला बाजरी." बाजरी चालूच होती, पण आम्ही भोपळा दोन दिवस थांबवला. महिन्याने तो पुन्हा ९१ भरला.

एक युक्ती फार उपयोगी पडली. हे थव्यातले पक्षी, दुसरा खातो ते बघून खातात. मी पिंजऱ्यासमोर बसून कचाकचा गाजर खायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी राजा जाळीपाशी आला. वाटीपेक्षा पसरट ताटली खाली ठेवली तर ते जास्त खातात, कारण रानात ते जमिनीवरच टिपतात. पालेभाजी ओली करून ठेवली तर मात्र आधी त्यात अंघोळ करतात आणि मग खातात. नाहीतर नुसतीच अंघोळ.

आता आम्ही काय देतो ते सांगते. धान्यात बाजरी, राळा, नाचणी, वरई आणि थोडी ज्वारी. २०२३ हे भरडधान्य वर्ष होते. ती सगळी भरडधान्ये हा पक्षी आपल्यापेक्षा आनंदाने खातो. राळा आणि वरई सालासकटच घ्यायची, सोलायला त्याला आवडते. सूर्यफुलाच्या बिया दिवसाला चार-पाचच, त्याही शीळ घातल्यावर बक्षीस म्हणून. सकाळी मोड आलेले मूग. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, लाल भोपळा यांतले रोज एक-दोन. शेवग्याचा पाला फुकट मिळतो आणि शाळेच्या परसबागेतले झाड तर वर्गासमोरच आहे. पालक क्वचितच द्यावा, कारण पालकातल्या एका आम्लामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा. हिरवी मिरचीसुद्धा चालते! पक्ष्यांच्या जिभेला मिरचीचा तिखटपणा लागतच नाही. राजा मिरचीचे बी खातो आणि माझा भाऊ ते बघून पाणी पितो.

पिंजऱ्याला समुद्रफेस अडकवलेला आहे. हे समुद्रातल्या माकुल नावाच्या प्राण्याच्या अंगातले पांढरे हाड असते, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. चिंगी ते कुरतडते आणि तिला त्यातून कॅल्शियम मिळते.

आता काय द्यायचे नाही. चहा, चॉकलेट, चिवडा, फरसाण, खारे शेंगदाणे, कांदा, लसूण. ९० ग्रॅमच्या जिवाला चिमूटभर मीठसुद्धा खूप होते. दूध-पोळीही नको, पक्ष्यांना दूध पचत नाही. सफरचंद चालते पण त्याच्या बिया काढून, त्या विषारी असतात. शहरात ॲव्होकॅडो नावाचे फळ मिळते, ते तर पक्ष्यांना जीवघेणे. कुबट वास येणारे किंवा बुरशी धरलेले शेंगदाणे कोंबड्यांनाही घालू नयेत. बाजारच्या भाजीवर औषध फवारलेले असते, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुऊन द्यावी.

मुगाला मोड आणतो तसे ज्वारीला आणू का, असे मी विचारले होते. आजोबा एकदम म्हणाले, "नको!" ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन शेरडांना किराळ लागते आणि ती तडफडून मरतात, हे इथल्या सगळ्या शेतकऱ्यांना माहीत आहे. तेच विष ज्वारीच्या मोडातही असते. दाणा चालतो, हुरडा चालतो, मोड आलेली ज्वारी नको. आमचे आजोबा शाळेत दुसरीपर्यंतच गेले.

अजून एक. कॉकाटील दाणा सोलून गर खातो आणि साल तिथेच टाकतो. त्यामुळे वाटी भरलेली दिसते, पण आत नुसता भुसा असतो! चार दिवस गावाला गेलेल्या घरी शेजारी डोकावतात, "वाटी भरलेली आहे" म्हणतात, आणि पक्षी उपाशी. म्हणून वाटीवर रोज फुंकर मारायची. फुंकर मारून जे खाली राहील तेच खरे धान्य. पाणी रोज दोन वेळा बदलायचे. कापलेली भाजी आणि मोड उन्हाळ्यात दोन तासांत काढून टाकायचे, नाहीतर आंबतात.

बघायला जरूर या, पण शक्यतो संध्याकाळी, तेव्हा राजा शीळ घालतो. येताना काही आणायचे असेल तर शेवग्याची एक डहाळी आणा, आधी आईला दाखवा, मग मी घालीन. हुरड्याच्या दिवसांत मीठ न लावलेली एक मूठ आणली तर दोघेही जाळीला लटकतात. चिंगीने मात्र लाल भोपळ्याला अजून चोच लावलेली नाही.

— इयत्ता चौथी