शिलेदाराची वही

शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिलेल्यांना ‘संकल्पचित्र’ हा शब्द आठवत असेल. कागदावर एक चौकोन आखायचा, त्यात पाने, फुले, पक्षी असे आकार बसवायचे आणि ते असे बसवायचे की एका बाजूला दाटी होऊ नये, दुसरी बाजू भकास दिसू नये. परीक्षा झाली, सर्टिफिकेट मिळाले, की बहुतेकांच्या आयुष्यातून हा शब्द निघून जातो. परंतु याच संकल्पचित्रावर पोट भरणारी माणसे आज आपल्या अवतीभोवती पुष्कळ आहेत. आपण सकाळी चहाची पुडी फोडतो, तिच्यावरची अक्षरे कोणीतरी मांडलेली असतात. लग्नाची पत्रिका, शाळेचे माहितीपत्रक, बियाण्याची पिशवी, दुकानाची पाटी, या प्रत्येकामागे एक हात असतो. त्या हाताचे नाव मात्र कुठे छापलेले नसते.

अशा एका हाताची ओळख आज मला करून द्यायची आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, उस्मानपुरा नावाचा भाग आहे. क्रांती चौकाकडून स्टेशनकडे जाऊ लागले की तो लागतो. शासकीय तंत्रनिकेतन तिथे आहे, संत एकनाथ रंगमंदिर तिथे आहे. तिथेच एका दुकानावरच्या खोलीत माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण तशी त्याची इच्छा आहे. पैठण तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा. एका छापखान्यात त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. गेल्या वर्षीच्या पाडव्याच्या सुमारास त्याने ती नोकरी सोडली आणि स्वतंत्रपणे काम सुरू केले.

त्या वेळी त्याचे वडील माझ्याकडे आले होते. म्हणाले, “सर, पोरगं बांधलेलं काम सोडतंय. तुमचं ऐकतो तो. जरा समजावून सांगा.” मी समजावले. खोटे कशाला बोलू, नोकरी सोडू नकोस असेच मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि सोडायची ती सोडलीच. यंदाच्या पाडव्याला मी त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा त्याने माझ्यापुढे एक लांबोडकी वही ठेवली. “सर, वर्षाचा हिशेब आहे. बघा, आणि आता सांगा,” म्हणाला. त्या वहीत मला जे दिसले ते सांगण्यासारखे आहे.

आधी या धंद्याचे नाव पाहू. नोकरी न करता, ज्याचे काम त्याच्याकडून घेऊन करणाऱ्याला इंग्रजीत ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. ‘लान्स’ म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ साली निघालेल्या कादंबरीत हा शब्द आला, तो कोणा एका सरदाराशी न बांधलेल्या भालाइतांसाठी. आपल्याला ही कल्पना नवी नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर असत आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. घोडा मेला तर बारगिराला दुसरा मिळायचा, शिलेदाराचे नुकसान ते त्याचे स्वतःचे. आमचा विद्यार्थी हा शिलेदार. संगणक हा त्याचा घोडा. आषाढात तो घोडा बसला, तेव्हा दुरुस्तीचा खर्च कोणत्याही मालकाने दिला नाही. वहीत तो पहिल्याच मोठ्या खर्चाच्या रूपाने मांडलेला आहे.

बरे, हा मनुष्य नेमके करतो काय? ‘चित्रे काढतो’ हे उत्तर अपुरे आहे. १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन पतिपत्नी आपला देश हिंडले आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक कशाचे केले असेल? आपल्या तांब्याचे! त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर किंवा कमरेवर कसा तोलला जाईल, ओतताना धार कशी पडेल, आतून हात घालून घासता येईल का, हाताला कसा लागेल, असे कितीतरी प्रश्न त्या एका आकारात पिढ्यान्‌पिढ्या सोडवले गेले आहेत, असे त्यांचे म्हणणे. संकल्पकाचे काम हेच. वापरणाऱ्याच्या अडचणी आधी ओळखायच्या आणि त्यांचे उत्तर आकारात द्यायचे. शोभा ही त्यानंतरची गोष्ट आहे.

आता वहीकडे वळू. पहिल्याच पानावर त्याने बारा महिन्यांची आखणी केली आहे, आणि ती पाहताना मला थेट शेतीची आठवण झाली. चैत्र-वैशाखात लग्नपत्रिका. मे-जूनमध्ये शाळा आणि क्लासेसची माहितीपत्रके. मग आषाढात सगळे सामसूम. श्रावण लागला की गणेश मंडळांच्या पावत्या आणि अहवाल, पुढे दिवाळीच्या जाहिराती, तुळशीचे लग्न झाले की पुन्हा पत्रिका. पौष पुन्हा कोरडा. मार्चअखेरीस खर्ची टाकायच्या पैशांतून निघणारी घाईची कामे. म्हणजे या धंद्यालाही खरीप आहे, रब्बी आहे आणि पावसाचा खंडही आहे. आषाढात त्याच्या हाती फक्त दोन कामे होती. घरभाडे मात्र आषाढ-श्रावण बघत नाही. तो म्हणाला, “सर, बाबांनी दुष्काळात कणगी कशी पुरवली ते मी लहानपणी पाहिलं होतं. म्हणून वैशाखातले सगळे पैसे खर्च केले नाहीत.” ज्या शेतीतून मुलगा बाहेर पडावा असे वडिलांना वाटत होते, तिचेच शहाणपण त्याला तारून गेले.

वहीतले दुसरे पान त्याने लाल शाईने लिहिले आहे. गावाकडच्या एका महिला बचत गटाला मसाल्याच्या पुड्यांसाठी वेष्टन हवे होते. त्याने सुंदर वेष्टन केले. दोन हजार पुड्या छापून आल्या आणि मग लक्षात आले की वेष्टन भरल्याचा महिना व वर्ष टाकायला त्यावर जागाच सोडलेली नाही. पाकीटबंद मालावर तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हे सारे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे असावे लागते. अक्षरे किमान किती उंच हवीत हेही ठरलेले आहे. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह निराळेच. चूक त्याची होती. बायांनी तर आपले भागभांडवल घातलेले. त्याने निम्मा खर्च स्वतः सोसला, उरलेल्या वेष्टनांवर चिकटवायला पट्ट्या छापून दिल्या आणि दोन रात्री त्यांच्याबरोबर बसून त्या चिकटवल्याही. त्या दिवसापासून भिंतीवर एक यादी टांगलेली आहे. कोणतेही वेष्टन त्या यादीशी ताडल्याखेरीज खोलीबाहेर जात नाही. आणि त्या गटाने पुढचे काम दुसऱ्या कोणाला दिले नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथे नवे लोक हमखास फसतात. पहिल्या काही महिन्यांत हा एका बोधचिन्हाचे हजार रुपये घेई आणि खूश असे. मग त्याने हिशेब मांडला. समजा, घर, भाडे, वीज, संगणकाची झीज, आजारपण आणि कोरडे महिने धरून महिन्याला तीस हजार लागतात. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. दिवसाचे आठ तास धरले तरी त्यातले चार गिऱ्हाइकाशी बोलण्यात, छापखान्याच्या खेपांत, बिलामागे फिरण्यात जातात. ज्याचे दाम मिळते असे तास उरले चार. म्हणजे महिन्याचे शंभर तास. तीस हजाराला शंभराने भागले की तासाचे तीनशे रुपये आले. बोधचिन्हाला दहा तास लागत असतील तर तीन हजार झाले. हजारात काम करणारा मनुष्य गिऱ्हाइकाला पदरचे दोन हजार देत असतो, आणि देतो हेही त्याला कळत नाही. हे त्रैराशिक चौथी-पाचवीचे आहे, पण ते करायला त्याला सहा महिने लागले.

बरे, दाम ठरले तरी ते हाती येते असे नाही. एका व्यापाऱ्याने त्याच्याकडून तीन महिने काम करून घेतले. ‘हा रंग बदला, ते अक्षर मोठे करा’ असे चालू राहिले आणि शेवटी पैशाचे नाव काढले की फोन उचलेना. लेखी काहीच नव्हते. आता तो चार ओळींचा कागद आधी लिहून घेतो. काम काय, दुरुस्त्या किती वेळा, रक्कम किती, केव्हा द्यायची. जमिनीच्या व्यवहारात आपण इसार घेतो, तसा तोही कामाआधी काही भाग घेतो. आपल्या ग्रामीण उद्योजकांनाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथे सांगतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. नोंदणी केलेल्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, पण फार तर पंचेचाळीस दिवसांत, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यावेत, असे तो सांगतो. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. ‘उद्यम’ नावाची ही नोंदणी २०२० पासून इंटरनेटवर विनामूल्य होते. मात्र ती काम हाती घेण्यापूर्वी केलेली बरी. बैल पळाल्यावर दावे शोधून काय उपयोग? तसेच हक्काचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. देणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे.

या वाटेने आपल्याकडे मोठमोठी माणसे गेलेली आहेत. गोव्याचे दीनानाथ दलाल मुंबईत स्वतःच्या कुंचल्यावर उभे राहिले, आणि १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांची मुखपृष्ठे आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाटांत अजून सापडतील. एकनाथ रंगमंदिरासारख्या नाट्यगृहांवर ज्या मराठी नाटकांचे फलक लागले, त्यांपैकी कितीतरी नाटकांच्या नावांची अक्षरे कमल शेडगे यांनी घडवली. २०२० साली ते गेले. आणि शिक्षकबंधूंनो, तुम्ही शाळेचा अहवाल संगणकावर मराठीत लिहिता, तेव्हा जो ‘मंगल’ टंक निवडता, तो कोल्हापूरचे र. कृ. जोशी यांच्या हातचा. रुपयाचे चिन्ह तर रोज आपल्या खिशात असते. २०१० साली खुल्या स्पर्धेतून ते निवडले गेले. डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांची त्यात सांगड घातली. स्पर्धा सरकारने घ्यावी हे ठीकच आहे. पण प्रत्येक दुकानदार ‘आधी करून दाखव, आवडले तर पैसे देऊ’ म्हणू लागला, तर शिलेदाराने खावे काय? शिंप्याला आपण असे कधी म्हणत नाही.

मी त्याला एक प्रश्न मुद्दाम विचारला. “आता तर म्हणे यंत्रालाच सांगितले की ते क्षणात चित्र काढून देते. मग तुझे कसे?” तो जरा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “सर, त्यामुळे काही कामं गेली. वाढदिवसाचे फलक आता कोणी माझ्याकडून करून घेत नाही. पण यंत्रानं केलेल्या एका फलकावरची वेलांटी उलटी होती आणि जोडाक्षर फुटलेलं होतं. ते दुरुस्त करायला तो माणूस माझ्याकडेच आला. शिवाय बचत गटातल्या मावशींना पुडी दातानं न फाडता उघडायला हवी आहे, हे त्यांच्या घरी जाऊन बसल्याशिवाय कळत नाही.” उद्या यंत्राची वेलांटीही सुधारेल, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो अक्षरांपेक्षा माणसांकडे अधिक लक्ष देऊ लागला आहे. मला हे उत्तर पटले.

वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज आहे. पगार चालू राहिला असता तर जेवढे मिळाले असते, त्याहून ती थोडी कमीच भरली. त्याने ती झाकली नाही. तिच्याखाली मात्र त्याने आणखी एक ओळ लिहिली आहे : बेचाळीस कामे, त्यांपैकी सतरा पुन्हा आलेल्या माणसांची. मला वाटते, खरी बेरीज ही आहे. पहिल्या वर्षी विहिरीला पाणी किती लागले यापेक्षा झरा जिवंत आहे की नाही, हे पाहायचे असते.

त्याच्या वडिलांना मी फोन केला आणि माझा सल्ला मागे घेतला. ते म्हणाले, “मला ते आधीच कळलं, सर. दिवाळीला त्यानं आमच्या गावच्या शाळेची पाटी करून दिली. लांबून वाचता येते.” चष्मा लागलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला लांबून पाटी वाचता आली, यापरते प्रशस्तिपत्र या धंद्यात दुसरे कोणते असेल?

शिक्षकांना जाता जाता एवढेच सांगतो. तुमच्या वर्गात वहीच्या मागच्या पानावर अक्षरे गिरवत बसणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. त्यांना रागावू नका. आपल्या शहरातच किलेअर्कला शासकीय कला महाविद्यालय आहे, ते त्यांना ठाऊक असू द्या. चित्रकलेच्या तासाबरोबर त्यांना त्रैराशिक नीट शिकवा, चार ओळींचा करार लिहायला शिकवा आणि हिशेबाची वही ठेवायला लावा. हाताला कला असली म्हणजे शिलेदारी सुरू करता येते, पण ती वर्षभर टिकवायला हिशेबच लागतो.