टॉमची बाजू

परवा संध्याकाळी दारावरची बेल वाजली आणि मी घाईघाईनं रिमोट उचलून चॅनल बदललं. पडद्यावर एक मांजर इस्त्रीखाली सापडून पापडासारखं सपाट झालं होतं आणि मी एकटाच बसून हसत होतो. दारात शेजारचे निवृत्त गुरुजी उभे होते. ते आत येईपर्यंत मी बातम्या लावल्या होत्या. बातम्यांत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. गुरुजी बसले, चहा झाला, ते गेले. मग माझ्या मनात आलं, की आपण नेमकं लपवलं काय? पन्नाशी ओलांडलेल्या, चार कविता लिहिणाऱ्या माणसानं भांडणं बघितलेली चालतात. मग मांजर बघितलेलं का चालत नाही?

मोठ्या माणसांना कार्टून बघायला आवडतं का, याचं उत्तर सोपं आहे. आवडतं. फक्त कबूल करायला लाज वाटते. प्रश्न आहे तो त्या लाजेचा. ती आली कुठून?

गंमत अशी, की ज्यांनी ही चित्रं हलवायला सुरुवात केली, त्यांच्या समोर काही शाळकरी मुलांचा वर्ग बसलेला नव्हता. आपला टॉम आणि जेरी यांचा जन्म १९४० सालचा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीनं एमजीएम या कंपनीसाठी ती चित्रं केली, आणि ती टीव्हीसाठी नव्हे तर थिएटरसाठी. मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी पाच-सात मिनिटांचा हा तुकडा दाखवला जाई. समोर बसलेले लोक दिवसभराच्या कामावरून आलेले, तिकीट काढलेले, प्रौढ स्त्रीपुरुषही होते. त्यांना हसवायचं म्हणून ती चित्रं निघाली. १९५८ पर्यंत या जोडीनं असे ११४ लघुपट केले आणि त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. पुढं याच दोघांनी १९६० साली ‘फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका केली, ती अमेरिकेत शुक्रवारी रात्री लागायची आणि सुरुवातीला तिच्या प्रायोजकांत एक सिगारेट कंपनी होती. लहान मुलांच्या कार्यक्रमाला कोणी सिगारेटची जाहिरात देत नाही.

मग कार्टून बाळबोध झालं कधी? थिएटरमधल्या लघुपटांचा खर्च परवडेना, स्टुडिओ बंद पडू लागले. जुनी चित्रं टीव्हीवाल्यांनी स्वस्तात घेतली आणि शनिवारी सकाळी, मुलं घरी आणि आईबाप झोपेत असतील अशा वेळी लावायला सुरुवात केली. नवी चित्रंही मग त्याच वेळेसाठी, कमी पैशांत होऊ लागली. म्हणजे माल मोठ्यांचा होता, दुकान बदललं आणि गिऱ्हाईक बदललं.

आपल्याकडची कथाही काही वेगळी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला होता. साध्या काड्यापेटीतल्या काड्या त्यांनी पडद्यावर नाचवल्या. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तिथं तयार झाले. कुटुंबनियोजनापासून अनेक विषय त्या काळात हलत्या चित्रांतून मोठ्या माणसांनाच सांगितले गेले. १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ तर तुम्हाला आठवतच असेल. तो चिमण्यांचा आणि जाळ्याचा चित्रपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला आणि त्यातली चित्रं भीमसेन यांची. तो मुलांसाठी होता खरा, पण त्याची धून आज गुणगुणतात ते पन्नाशीतले लोक.

आता थोडं या खेळाच्या आतल्या यंत्राबद्दल. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रं सरकतात. चित्रकार बहुतेक वेळा एक चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ रेखाटनं. सात मिनिटांच्या चित्रपटात केवळ एका मांजरासाठी पाच हजारांच्या वर रेखाटनं होतात. इतकी मेहनत करणारा माणूस एकही हालचाल उगाच करत नाही. मांजर कड्यावरून पुढं धावत जातं, हवेतच उभं राहतं, खाली बघतं, आपल्याकडं बघतं आणि मगच पडतं. ते ‘मगच’ किती चित्रांचं असावं, यावर सगळा विनोद उभा असतो. दोन चित्रं कमी झाली तर हसू येत नाही, चार जास्त झाली तर हसू शिळं होतं. मी कवितेचा माणूस. ओवीत किंवा गझलेत जिथं श्वास थांबतो, तिथंच अर्थाचं वजन पडतं, हे मला कविता लिहिताना कळलं. कार्टूनमध्येही तीच यती आहे. लहान मूल पडण्याला हसतं. मोठा माणूस त्या थांबण्याला हसतो.

हे मला कोणी शिकवलं असेल तर अब्बांनी.

अब्बा सोलापुरात यंत्रमागावर होते. आयुष्यभर धोट्याच्या खटखटीत उभे राहिल्यानं पन्नाशीतच त्यांना ऐकू येणं कमी झालं आणि साठीनंतर जवळपास बंद. माणूस मुळात कडक. आम्हा भावंडांपुढं ते कधी मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही. १९९५ च्या मे महिन्यात कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं. पुढं आमच्या घरी केबल आली आणि माझी मुलगी शाळेतून आली की टॉम आणि जेरी लावू लागली. एक दिवस मी कामावरून आलो तर आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसलेले आणि अब्बा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

घरात कुजबुज सुरू झाली. अम्मी म्हणाली, “बुढापे में बच्चे हो गये.” म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण किती सहज बोलून जातो. मलाही तसंच वाटलं होतं. पण मग मी नीट बघितलं. नात हसायची तेव्हा अब्बा हसत नव्हते. टॉम आपटला, शेपटी जळाली, की ती टाळ्या पिटायची. अब्बा मात्र गंभीर व्हायचे. काचेचा मोठा फुलदाणा टेबलाच्या कडेवर डुगडुगू लागला की ते पुढं सरकून बसायचे आणि पुटपुटायचे, “अरे, इसकी नोकरी जाती ना!”

आणि ते शंभर टक्के खरं होतं. पुढं मी त्या मालिकेचा पहिला लघुपट पाहिला. त्यात घर सांभाळणारी बाई मांजराला बजावते, की अजून एक वस्तू फुटली तर घराबाहेर. उंदराला हे कळतं. मग तो पेला हातात धरून मांजराला धमकावत फिरतो. मारामारी दिसते मांजर-उंदराची, पण गोष्ट आहे नोकरी टिकवण्याची. कापडात खोट निघाली की मजुरीतून पैसे कापून घेणाऱ्यांकडं पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ती गोष्ट पहिल्या झटक्यात कळली. नात जेरीच्या बाजूनं होती, अब्बा टॉमच्या. एकाच पडद्यावर दोघं दोन चित्रपट बघत होते. अब्बा लहान झाले नव्हते. उलट, त्या खोलीत तो चित्रपट सगळ्यांत मोठेपणानं तेच बघत होते.

आणखी एक गोष्ट. त्या खोलीत अब्बांना कोणाच्या मदतीची गरज नव्हती. सिनेमा लागला की ते दर मिनिटाला विचारायचे, “क्या बोला?” आणि आम्ही वैतागायचो. टॉम आणि जेरीत बोलणं जवळजवळ नाहीच. एका रात्री सगळे झोपल्यावर मी आवाज बंद करून एक भाग पाहिला. स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत गेलं, तरी विनोद जागचा हलला नाही. सगळं डोळ्यांनी कळत होतं. हे लोक मूकपटांचं व्याकरण विसरले नव्हते. त्या सात मिनिटांत माझे वडील बहिरे नव्हते. त्यांच्या हसण्याचं खरं कारण कदाचित हेच असावं.

पुढं बोलकी कार्टून आली. २००६ च्या सुमारास घरात शिनचॅन सुरू झाला. मागाच्या आवाजात काम केल्यानं अब्बांना ओठ वाचायची सवय होती, पण चित्रातल्या ओठांवर हिंदीतले शब्द कुठून दिसणार? ते दोन-चार दिवस बसले, मग उठून ओट्यावर जाऊन बसू लागले. आम्हाला वाटलं, आवड संपली. कोणी विचारलं नाही. मीही नाही. २०११ साली अब्बा गेले. ती न विचारलेली गोष्ट अजून मला टोचते.

या शिनचॅनचीही एक मौज आहे. योशितो उसुई यांनी तो १९९० साली जपानमध्ये काढायला सुरुवात केली, तो मोठ्या माणसांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात. पोराच्या आगाऊपणाआडून तो घराच्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या बापाची आणि पैसा पुरवून पुरवून वापरणाऱ्या आईची थट्टा करत होता. आपल्याकडं तो मुलांच्या चॅनलवर आला आणि मग पालकांनीच तक्रार केली, की हा मुलांना बिघडवतो. माझी मुलगी आता सत्तावीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. रात्री एकटी जेवताना मोबाईलवर तीच जुनी मालिका लावते. मागच्या ईदला आली तेव्हा मी विचारलं, अजून हे बघतेस? ती म्हणाली, “अब्बा, पहले मैं शिनचॅन की तरफ थी. अब लगता है, उसकी माँ सही बोलती है.” मला क्षणभर दादा आणि नात पुन्हा शेजारी बसल्यासारखे वाटले.

मोठेपणी बघितल्यावर सगळंच गोड लागतं, असंही नाही. टॉमला दम देणारी ती घरातली बाई कृष्णवर्णीय आहे. तिचे पाय दिसतात, तिचा विशिष्ट ढबीतला आवाज ऐकू येतो, चेहरा मात्र जवळजवळ कधीच दिसत नाही. लहानपणी आपल्याला ते जाणवत नाही. आज जाणवतं, की एका अख्ख्या समाजाचं ते टिंगल करून काढलेलं चित्र होतं. डिस्नेच्या १९९२ सालच्या ‘अल्लादीन’मध्ये सुरुवातीच्याच गाण्यात अरबांच्या मुलखात कान कापतात अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतल्या अरबांनी हरकत घेतल्यावर १९९३ मध्ये घरी बघायच्या कॅसेटसाठी ती बदलली गेली. ज्यांची चित्रं बहुधा दुसरेच काढतात, त्यांना अशा ओळी लवकर ऐकू येतात. पण म्हणून टीव्ही बंद करावा असं मला वाटत नाही. हसावं, आणि कुठं हसू अडलं ते लक्षात ठेवावं. हे काम मोठ्यांनीच करायचं असतं. ते शेजारी बसले तरच करता येतं.

शिवाय हलतं चित्र म्हणजे विनोदच, हाही आपला समज. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ सालचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा जपानी चित्रपट युद्धात पोरक्या झालेल्या भावा-बहिणीचा आहे. तो बघून कोणी हसत नाही. मर्जान सत्रापी यांनी इराणमधलं आपलं बालपण २००७ मध्ये ‘पर्सेपोलिस’मध्ये काळ्या-पांढऱ्या चित्रांतून सांगितलं. २०२५ साली ऑस्कर मिळालेला लाटव्हियाचा ‘फ्लो’ तर पुरात सापडलेल्या एका मांजराची गोष्ट आहे आणि त्यात एकही शब्द नाही. तो बघताना मला सारखं वाटत होतं, हा अब्बांनी बघायला हवा होता. त्याच वर्षी जानेवारीत जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून केलेला, राम मोहन यांचा सहभाग असलेला रामायणावरचा जुना चित्रपट आपल्याकडं पुन्हा थिएटरात लागला. लहानपणी तो टीव्हीवर पाहिलेले लोक आता आपल्या मुलांना घेऊन गेले. जुलैत आलेल्या ‘महावतार नरसिंह’ला तर घरंच्या घरं लोटली. थिएटरातून टीव्हीवर गेलेलं कार्टून फिरून थिएटरात आलं, आणि मोठी माणसं तिकीट काढून गेली.

तेव्हा प्रौढांना कार्टून आवडतं, ते त्यांच्यातलं मूल जागं होतं म्हणून, हे नेहमीचं उत्तर मला अर्धंच वाटतं. जुन्या आठवणींचा ओढा असतो, नाही असं नाही. दिवसभराच्या कटकटीनंतर, ज्यात कोणी मरत नाही अशी मारामारी बघून मन हलकं होतं, हेही खरं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की टॉम बहुतेक वेळा हरतो, सपाट होतो, तुकडे तुकडे होतो, आणि पुढच्या दृश्यात झाडून उभा राहून कामाला लागतो. याचं नवल मुलांना वाटत नाही, कारण त्यांना ते साहजिक वाटतं. ते किती अवघड असतं, हे ज्याला ठाऊक असतं तोच त्याला मनापासून हसतो.

काल गुरुजी पुन्हा आले. या वेळी मी चॅनल बदललं नाही. ते दारातच थबकले, मग खुर्ची ओढून बसले. फुलदाणा टेबलाच्या कडेवर डुगडुगत होता. मी बघितलं, गुरुजी थोडे पुढं सरकले होते.