वारशात आलेली मशिनं विकताना

घरातला कर्ता माणूस सुतारकाम, फॅब्रिकेशन किंवा फरशी बसवण्याचं काम करणारा असेल, तर त्याच्यामागे ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, रंधा मशीन असा सगळा संच उरतो. जव्हार-मोखाड्यात दारावर येणारा भंगारवाला तो काट्यावर चढवतो. त्याचा हिशेब आतल्या तांब्याच्या तारेचा. मशीन चालतं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कामाचा भाव हवा असेल, तर मशीन गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवता आलं पाहिजे.

त्याआधी हक्काचं बघा. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखा वाटा मिळतो. मात्र याच कायद्याच्या कलम 2(2) नुसार तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही, त्यामुळे इथल्या वारली, कोकणा, महादेव कोळी घरांत रूढीचा प्रश्न येतो. काहीही असो, आईला आणि बहिणींना विचारल्याशिवाय वस्तू बाहेर काढू नका. एखादं मशीन ठेकेदाराचं किंवा मित्राकडून आणलेलं नाही ना, तेही विचारून घ्या.

मग तपासणी. इथल्या पावसात पोत्यात पडून राहिलेलं मशीन एकदम प्लगला लावू नका. आधी धूळ झटकून काही दिवस उन्हात ठेवा. स्पिंडल हातानं फिरवा: खरखरलं किंवा आजूबाजूला हललं, तर बेअरिंग गेलं. वायर कुठे सोललेली, टेपनं जोडलेली असेल, तर आधी ती बदला.

अनेक वायरच्या मशिनांत मोटारीच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची गोल टोपणं असतात. प्लग काढून चपट्या स्क्रूड्रायव्हरनं ती उघडली, की स्प्रिंगसकट काळा कार्बन ब्रश बाहेर येतो. तो झिजून अगदी आखूड झाला असेल, तर मशीन अडखळतं किंवा बंद पडतं. ब्रश स्वस्त असतात. दोन्ही एकदम बदला. नवे ब्रश घालूनही आत ठिणग्यांचं कडं फिरत असेल, जळका वास येत असेल, तर आर्मेचर बिघडलं आहे. असं मशीन रिवाइंडिंगवाल्याला सुट्या भागांसाठी द्या आणि तसं सांगूनच द्या.

बॅटरीच्या ड्रिलची गोष्ट वेगळी. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये साधारण 3.6 व्होल्टचे लिथियम सेल पाच-पाचाच्या ओळीत जोडलेले असतात. वापराविना पडून राहिले की ते आधी मरतात. पॅक फुगला असेल तर चार्ज करू नका. मोटार ठीक असली, तरी नव्या बॅटरीचा खर्च गिऱ्हाईक भावातून कापणारच.

ग्राइंडरसोबत गार्ड आणि बाजूचं हँडल द्या, जुनी चाकं देऊ नका. अनेक चाकांच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि साल छापलेलं असतं. मुदत संपलेलं किंवा ओल खाल्लेलं चाक मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांना फुटलं, तर तोंडावर येतं. लाकूड चिरायचं आरा यंत्र असेल, तर त्याला वन विभागाचा परवाना लागतो. आधी तिथे विचारा.

भाव ठरवताना नेमप्लेटवरचा मॉडेल क्रमांक बघून त्याच मशीनची आजची नवी किंमत काढा. हार्डवेअरच्या दुकानात आणि मिस्त्री लोकांत शब्द टाका. दिवाळीनंतर बांधकामं सुरू होतात, तेव्हा मागणी असते. भर पावसात पडत्या भावात द्यावं लागतं. सगळं एकगठ्ठा विकण्यापेक्षा एकेक विकलं तर जास्त सुटतं.

व्यवहाराच्या वेळी साध्या कागदावर सीरियल नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. पुढे मशीन चोरीचं म्हणून कुणी अडवलं, तर हा कागद दोघांच्याही कामी येतो. पैसे मोबाइलवर येणार असतील तर लक्षात ठेवा: पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन मागणाऱ्याशी सौदा तिथेच मोडा.